अबू मुनीरचा साबण

माझं लग्न एका दाढीपायी अडलं होतं, असं सांगितलं की नातवंडं माझ्याकडे संशयाने बघतात. दाढी नवऱ्याची नव्हती, शेजाऱ्याची होती.

त्रिपोलीतल्या आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो आणि खाली अबू मुनीर आणि त्यांची बायको. त्यांचा मुलगा मुनीर कधीचाच ब्राझीलला निघून गेला होता. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला अबू आणि आईला उम्म म्हणायची आमच्याकडे रीत; माझी आई म्हणून उम्म फरीद. अबू मुनीर गल्लीच्या टोकाला साबणाच्या सराईत, दबीस यांच्या कारखान्यात शिक्के मारायचे. शिजलेला साबण फरशीवर ओतत, तो घट्ट झाला की वड्या पाडत, आणि मग अबू मुनीर गुडघे दुमडून बसत आणि एकेका वडीवर शिक्का ठोकत पुढे सरकत. सकाळभर तो ठोका आमच्या घरात ऐकू यायचा. आईची कामं त्याच्याच तालावर चालायची. ठोका थांबला की ती म्हणायची, "चला, जेवायची वेळ झाली."

दबीसांचा शिक्का डाळिंबाचा. सराईच्या चौकात बरोब्बर समोर सयूफींचा कारखाना, त्यांचा शिक्का गलबताचा. या डाळिंबाचं आणि गलबताचं कुणाच्याही आठवणीच्या आधीपासूनचं वैर होतं. अबू मुनीर तर भर चौकात म्हणायचे, "गलबताच्या साबणाने मी माझं गाढवसुद्धा धुणार नाही." गाढव त्यांच्याकडे नव्हतं, पण बोलण्यात जोर यायचा.

आणि माझी सोयरीक ठरली ती सयूफींच्या नझीहशी.

त्या वर्षी ऑलिव्हची झोडणी चालू असताना खाली उम्म मुनीर गेली. आदल्या दिवशी तिने आईकडून चाळणी उसनी नेली होती. अबू मुनीरनी रिवाजाप्रमाणे दाढी वाढवली. आमच्या गल्लीने रेडिओ बंद केले, रंगीत कपडे पेटीत गेले. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये शिजवलेल्या गव्हाचं ताट ठेवलं, पाद्र्याने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी मूठमूठ गहू खाल्ले. आता अबू मुनीर दाढी उतरवतील आणि गल्ली मोकळी होईल, असं सगळे धरून चालले होते. त्यांनी उतरवली नाही. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, दाढी वाढतच राहिली.

इकडे नझीहला कुवेतमध्ये नोकरी लागल्याचं पक्कं झालं. करार दोन वर्षांचा, मध्ये रजा नाही. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाला की चर्चमध्ये लग्न लागत नाही, आणि उपासात त्याला जहाज गाठायचं होतं. म्हणजे लग्न उपासाच्या आधी झालं तर झालं, नाहीतर दोन वर्षं मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करत बसायचं.

पण खालच्या मजल्यावर माणूस सुतकाची दाढी घेऊन बसलेला असताना वर ढोल कसा वाजवायचा? तसं कुणी करत नसे. शेजाऱ्याने आधी दाढी करून बाहेर यायचं, मगच इतरांनी आनंद करायचा. माझे वडील आणि नझीहचे वडील पाद्र्याला सोबत घेऊन खाली गेले. कडू कॉफी प्यायले. अबू मुनीर म्हणाले, "माझी परवानगी आहे. पोरीचं करा."

वडील वर आले आणि टोपी खुंटीला लावत म्हणाले, "तोंडाने हो म्हणतो, दाढीने नाही म्हणतो."

"हा सयूफींचा राग आहे," आत्या म्हणाली. "डाळिंबाच्या गल्लीतली पोर गलबतात चालली ना."

सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. नझीह जिन्यात मला म्हणाला, "गाणी नकोत, ढोल नको. सकाळी चर्चमध्ये जाऊ आणि लग्न लावून येऊ." आईने वरून ऐकलं. "चोरून लग्न करायला तिने काय कुणाच्या कोंबड्या पळवल्यात?" ती म्हणाली, आणि नझीह निमूटपणे जिना उतरला.

एकदा दुपारी आईने मला मुजद्दराची ताटली देऊन खाली पाठवलं. मसूर-भात अबू मुनीरना आवडायचा. मी दार ढकललं तर ते खिडकीशी आरसा घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी चटकन मानेवरचा रुमाल तोंडावर ओढला, पण मला दिसायचं ते दिसलं होतं. एका गालाच्या वरच्या भागावर दाढी नव्हती, आणि तिथली कातडी बिटासारखी लाल होऊन सुजली होती.

"अम्मो, तोंडाला काय झालं?" मी विचारलं. काकाला आम्ही अम्मो म्हणतो.

"काही नाही. ताटली ठेव तिथे."

"भाजलं का?"

त्यांनी आरसा पालथा ठेवला. मग रुमाल खाली घेतला. "तुलाही वाटतं ना, मला तुझं लग्न नकोय?"

मी ताटली ठेवायला वाकले, म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं.

"चाळिसावा झाला त्याच दिवशी मी वस्तरा काढला होता, पोरी. न्हाव्याकडे मी आयुष्यात गेलो नाही, घरीच करतो. जरा हात फिरवला आणि गालाला आग लागली. आठवडाभर उतरली नाही. बरं वाटलं तशी पुन्हा केली, पुन्हा तेच. आजही तेच. माझा चेहराच तयार नाही. ती गेल्यावर हसायला त्याची ना आहे. मी त्याच्यावर जबरदस्ती कशी करू?"

"साबण कोणता लावता?"

"कोणता म्हणजे काय? डाळिंबाचा. सगळा जन्म तोच लावला."

त्यांच्यापुढे तांब्याची वाटी होती, तिच्यात साबणाची अख्खी वडी ठेवून तिच्यावर ब्रश घासलेला होता. फेस कसला, पाणीच होतं. मला काही कळलं नाही, फक्त त्यांची दया आली. वर येऊन मी आईला सगळं सांगितलं.

आई कोबीच्या पानांत भात भरून गुंडाळत होती. तिचे हात थांबले. "वडी? अख्खी वडी होती वाटीत?"

"हो."

"अगं, हे दुःख नाही," ती पाटावर टेकत म्हणाली. "हा साबण आहे."

मग तिने सांगितलं. उम्म मुनीर दर दोन-तीन महिन्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून साबण करायची. वडी किसायची, मंद आचेवर पातळ करायची, संत्र्याच्या फुलांचं पाणी आणि थोडा मध घालायची, आणि नवऱ्याच्या वाटीत थापून ठेवायची. सकाळी त्यांना वाटी भरलेली मिळायची. ती कशी भरते हे त्यांनी कधी पाहिलं नाही. पावसाने विहीर भरते तशी वाटी आपोआप भरते, अशीच त्यांची समजूत असावी.

"पण साबण तर डाळिंबाचाच ना?" मी विचारलं.

"असता तर दार कशाला लावलं असतं?" आई म्हणाली. "मी एकदा विचारलं होतं, कुठला किसतेस म्हणून. 'तुला काय करायचंय, तुला काय दाढी आहे?' म्हणाली. मग मी सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी आईने चार ठिकाणचे साबण जमवले. दबीसांचा, सयूफींचा, कूरा भागातल्या तिच्या मावशीने घरी केलेला, आणि अलेप्पोचा हिरवट साबण. प्रत्येकाचा थोडा किसून, उम्म मुनीरच्या रीतीने शिजवून एकसारख्या कॉफीच्या कपांत भरला. किसून उरलेला तुकडा ज्याच्या त्याच्या कपाखाली, बशीत झाकला. मग तबक घेऊन आम्ही दोघी खाली गेलो.

अबू मुनीर तबकाकडे बघत म्हणाले, "एवढी कॉफी कोण पिणार?"

"कॉफी नाही, साबण आहे. तुमच्या बायकोचा यातला कोणता ते तुम्ही सांगायचं."

"त्यात सांगायचं काय? डाळिंबाचा. मला झोपेत उठवलंत तरी ओळखेन."

"मग जागेपणी ओळखा," आई म्हणाली. "गालाला लावू नका. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला लावा, जरा बसू द्या."

त्यांनी बाही वर केली. पहिला कप त्यांनी नाकाशी नेताच परत ठेवला. "अलेप्पो. हा लावून मी माझ्या घरात परका होईन." दुसऱ्याचा फेस लगेच विरला. तिसऱ्यावर ब्रश फिरवला आणि त्यांचा हात मंदावला. फेस चक्क्यासारखा दाट आला, ब्रश उभा राहिला. त्यांनी तो हातावर लावला, मग आई नको नको म्हणत असताना दुखऱ्या गालावर लावला, आणि डोळे मिटून बसले. मी चौथा कप पुढे केला. त्यांनी तोही हातावर लावला खरा, पण मन नव्हतं त्यात.

आम्ही बसून राहिलो. आईने मुनीरच्या पत्राची चौकशी केली, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. मग फेस पुसला. चौथ्या कपाची जागा लाल झाली होती. तिसऱ्याची तशीच, पांढरी.

"हाच," ते तिसऱ्या कपावर बोट ठेवून म्हणाले. "हाच तिचा. बघा, सांगितलं नव्हतं? डाळिंब."

आईने कप उचलला. बशीत अर्धं गलबत होतं. तिने चौथा कप उचलला. त्याच्याखाली डाळिंब.

अबू मुनीरनी तो अर्धा तुकडा उचलला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, जणू दुसऱ्याने मारलेला ठोका तपासत होते. "हे वर्षभर वाळवतात," ते शेवटी म्हणाले. "आम्ही तेवढं थांबत नाही. मला माहीत होतं. दाढीला काय फरक पडतो, असं म्हणायचो." मग आवाज बदलला. "तीस वर्षं. तीस वर्षं बाई माझ्याशी खोटं बोलली."

"तुम्ही तिला कधी विचारलंत, कुठला आहे म्हणून?"

"नाही."

"मग खोटं केव्हा बोलली?"

त्यांनी तुकडा बशीत परत ठेवला. मान खाली घालूनच ते म्हणाले, "उम्म फरीद, तुम्ही आणून द्या मला. वरून दोरीला टोपली बांधून सोडा. कुणाला कळणार नाही."

"नाही," आई म्हणाली. मला वाटलं होतं ती हो म्हणेल, माझं लग्न त्या टोपलीत होतं. "लपवून आणायचा हक्क तिचा होता, ती बायको होती. मी शेजारीण आहे. तुम्हाला आवडलाय ना, तुम्ही जाऊन घ्या."

"सगळी सराई बघेल."

"बघू दे."

वर आल्यावर मी आईवर चिडले. उपास पंधरवड्यावर आला होता आणि ती मानापमान शिकवत बसली होती. आई म्हणाली, "चोरून केलेल्या दाढीने तुझं लग्न लागलं, तर सगळे म्हणतील, त्या पोरीने म्हाताऱ्याला भरीस घातलं. स्वतःहून गेला तर कुणाला बोलायला जागा नाही." मी रडले. दोन दिवस खालून काही आवाज नव्हता. ठोकासुद्धा नव्हता, ते कामावरच गेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालचं दार वाजलं. मी खिडकीतून पाहिलं तर अबू मुनीर इस्त्रीचा कोट घालून सराईकडे चालले होते. मी धुण्याचा सोडा आणायचं निमित्त करून मागोमाग निघाले.

ते चौकात आले. डावीकडे दबीसांची माणसं वड्या रचत होती. ते उजवीकडे वळले. सयूफींच्या दारात नझीहचे वडील बसले होते. ते उठून उभे राहिले.

"या, अबू मुनीर. आज वाट चुकलात?"

"नाही. एक वडी द्या. गेल्या वर्षीची, चांगली वाळलेली."

"कपड्यांना?"

"दाढीला."

समोरचं वड्या रचणं थांबलं. तिकडून कुणीतरी ओरडलं, "काय हो, गाढव कधी घेतलंत?"

चौक हसला. अबू मुनीर सावकाश मागे वळले. "गाढव पहिल्यापासून होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं त्याची बायको त्याला याच साबणाने धूत होती, आणि त्याला पत्ता नव्हता."

आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग नझीहचे वडीलच हसले, आणि दबीसांकडची माणसंसुद्धा. नझीहच्या वडिलांनी आतून वडी आणली, फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी दिली. दबीस मालकांनी त्यानंतर बरेच दिवस अबू मुनीरशी बोलणं टाकलं होतं. पण कामावरून काढलं नाही. तसा ठोका दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

साबण शिजवायला आईने त्यांना शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी तो करपवला. दुसऱ्यांदा मध जास्त झाला आणि वाटीला मुंग्या लागल्या. तिसऱ्यांदा जमला.

आमच्याकडे लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी सगळ्यांसमोर होते. सयूफींच्या घरातल्या पुरुषांची ती सराईच्या चौकात व्हायची. खाली खुर्ची, न्हावी, मित्र, आणि वरच्या सज्जात बायका. नवरीने तिथे जायचं नसतं. मी आईच्या मागे शाल ओढून उभी होते. कुणी ढोल आणला होता, पण तो काखेत धरला होता. सगळे गल्लीकडे बघत होते.

अबू मुनीर आपली वाटी घेऊन आले. नझीह खुर्चीत बसत होता, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. "आधी मी," ते म्हणाले, आणि बसले.

न्हाव्याने आधी कात्री चालवली, मग त्यांच्या वाटीतून फेस काढला. वस्तरा गालावरून उतरत गेला तसतसा खालून माणूस दिसायला लागला, हनुवटी, ओठांच्या कडा. न्हाव्याने ओल्या फडक्याने तोंड पुसलं. अबू मुनीरनी तळहात गालावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. वरच्या बायका सज्जाच्या कठड्यावरून वाकल्या. काहीच झालं नाही, आग नाही, लाली नाही.

मग त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं. बायका तोंडाशी हात नेऊन उभ्या होत्या, पण जीभ घुमवून द्यायची ती आनंदाची पहिली ललकारी कुणी द्यायची हे कुणालाच सुचत नव्हतं.

"काय बघताय?" ते म्हणाले. "आता तीही मीच देऊ का?"

आईने पहिली दिली. तिच्या मागून सगळ्यांनी. ढोल काखेतून खाली आला. आणि नझीहला दुसरी खुर्ची आणावी लागली, कारण अबू मुनीर उठायला तयार नव्हते. एक गाल नीट झाला नाही म्हणत होते, न्हाव्याला पुन्हा एकदा फेस लावायला सांगत होते.