काहून धरलं?

आमच्या बंजारा तांड्यात देविदासचा शिट्टीवर जेवढा जीव, तेवढा दुसऱ्या कुणाचा कशावर नसेल. पिवळ्या दोरीत ओवलेली ती शिट्टी त्याच्या गळ्यात असते. आंघोळीपुरती काढतो म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

झालं असं की दोन वर्षांमागे हळदीच्या दिवसांत वाळवणातून पोती गायब व्हायला लागली. पोलिसांची गाडी हट्टा गावापर्यंत यायची, पुढचा कच्चा रस्ता बघून तिथूनच वळायची. शेवटी तांड्यानं आपलंच राखणदल उभं केलं. नऊ पोरं, नऊ काठ्या, पिवळी जाकिटं आणि म्होरक्या देविदास. पोलिसांनीही मान डोलावली, त्यांचं काय जात होतं?

पण राखणदाराची राखण कुणी करायची? कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? म्हणून राखणदलावर नजर ठेवायला पाच जणांची समिती केली. पुढारीपण रूपाबाईकडे दिलं. ती जुन्या नायकाची बायको, नायक गेला तरी तिचा शब्द राहिला. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. पाचात मीही आहे. मी मोहनसिंग, माझी पिठाची गिरणी आहे, आणि तांड्यातली कुठलीही बातमी दळणाबरोबर माझ्याकडे येतेच.

समितीचा पहिला नियम खुद्द देविदासनं सांगितलेला. मिसरूड फुटायच्या वयात त्याला एका बाजारातून पोलिसांनी उचललं होतं. चोरी कुणाची, कशाची, काही माहीत नाही. पोरगं तांड्याचं आहे एवढं त्यांना पुरलं. दिवसभर बाकड्याखाली बसवून ठेवलं. "साहेब, काहून धरलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा कानाखाली बसली. संध्याकाळी सोडून दिलं, आणि कारण तेव्हाही कुणी सांगितलं नाही. आजही ती गोष्ट सांगताना त्याचा हात आपोआप कानाकडे जातो.

तर समितीच्या पहिल्या बैठकीत हाच देविदास उभा राहिला आणि म्हणाला, "आपन कुनालाबी धरलं तर काहून धरलं ते त्याच्या तोंडावर सांगायचं. अन् रविवारी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं, समद्या तांड्यासमोर, म्होरक्यानं उभं राहून पुन्यांदा सांगायचं. धरलेला मानूसबी समोर पायजे." आमच्या टाळ्या थांबेनात. रूपाबाईनं एवढीच भर घातली की कारण पटलं नाही तर शिट्टी काढून घ्यायची. देविदास म्हणाला, बराबर.

त्या वेळी विकास आमच्या तांड्यात यायला लागला नव्हता, हे देविदासचं नशीब.

विकास बाळापूरकडच्या एका तांड्यातला. त्याच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. शिजवून वाळवलेली हळद त्यात फिरवली की साल झडून पिवळीधमक होते. यंदा संक्रांत झाली तसा तो आमच्याकडे काम धरून राहिला. दिवसभर ड्रम फिरवायचा, अंधार पडायच्या आत मोटरसायकलवर आपल्या घरी. उंच, दाट केसांचा, डोळ्याला काळा चष्मा, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. पोरगं बोलायला गोड आणि कामाला वाघ. म्हाताऱ्याही त्याला हाक मारून पाणी द्यायच्या. देविदासला तो भिया म्हणायचा, म्हणजे भाऊ.

खळ्यावर हळद निवडायला बायका असत, त्यात देविदासची बायको संगिता. संगिताची जीभ तिखट आणि हसणं मोकळं. ती हसली की तिसऱ्या घरातलं लेकरू जागं होतं. माझ्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत आहे, म्हणून मला ठाऊक. अलीकडे मात्र भिंतीपलीकडून ते हसू येत नव्हतं. ती हसायची ती खळ्यावर.

आणि तेच देविदासला खुपायला लागलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, याचं जळत होतं ते आख्ख्या तांड्याला कळत होतं, फक्त आपलं कुणाला कळत नाही असं त्याला वाटत होतं. रोज दाढी करायला लागला. वसमतला जाऊन काळा चष्मा घेऊन आला, तो नाकावरून घसरायचा. राखणदलाची गस्त आधी सगळ्या वाळवणांवरून जायची, ती आता विकासच्या ड्रमभोवतीच घुटमळायला लागली. बाबूसिंग माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, माझी हळद उघड्यावर पडून राहिली अन् नऊ जन एका ड्रमाला राखून राहिले. ड्रम काय पळून जातो?"

मी देविदासला हटकलं. तो म्हणाला, "तिकडं संशय हाय."

"कशाचा?"

"हाय संशय," म्हणाला आणि चष्मा वर सारत निघून गेला.

नळावर संगिता गेली की हा समोरच्या ओट्यावर. ती दळणाला आली की हा गिरणीच्या दारात. मला येऊन विचारायचा, "दळन पायलीभर, मंग येळ एवढा काहून लागला?" मी म्हणायचो, जात्याला विचार. सगळ्यांना विचारायचा, पोरांना, म्हाताऱ्यांना, मला. बायकोला तेवढं कधी विचारलं नाही. तिच्याकडे नुसता बघत राहायचा.

मग तो दिवस आला. विकास ड्रमच्या पट्ट्यासाठी माझ्याकडे आला होता, माझ्याकडे जुना पट्टा पडून होता. संगिता ज्वारी घेऊन उभी होती. गिरणी चालू, पीठ उडतंय, कानाला काही ऐकू येत नाही. विकास तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. ती उलट काहीतरी बोलली, आणि मग दोघंही असे हसले की संगितानं पदर तोंडात कोंबला. मी मान वर केली तर दारात देविदास. चष्मा हातात, तोंड पिठासारखं पांढरं.

दोघं गेल्यावर त्यानं मला विचारलं, "काय म्हनले, काका?"

"गिरणी चालू होती बाबा. मला माझं खोकणं ऐकू येत न्हाई."

"हसले कशाला मंग?"

"घरी जा, अन् बायकोला इचार."

तो घरी गेला नाही. दिवस मावळताना विकास मोटरसायकलवर निघाला, तेव्हा तांड्याच्या वेशीवर शिट्टी वाजली. देविदासनं त्याची चावी काढून घेतली आणि त्याला शाळेच्या पडवीत बसवलं. लोकांची जेवणं होऊन चुली विझल्या तेव्हा कुठे सोडलं. मला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, खुद्द विकासकडून. तो रागावलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. तो म्हणाला, "काका, मी तर सवयीचा हाय, पोलिस धरतच असतात. पन आपल्याच तांड्यात व्हईल असं वाटलं नव्हतं."

रविवारी देवळापुढं सगळा तांडा जमला. रूपाबाई ओट्यावर, आम्ही चौघं तिच्या खाली. बीटचे जमादार आले होते, त्यांना खुर्ची आणि चहा दिला. एरवी आम्ही आपसात गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, बोलतो, पण जमादार असले की बैठक मराठीत चालते.

रूपाबाईनं विकासला उभं केलं. "बोल लेकरा."

"याडी, भियानं मला शाळेत बसवून ठेवलं. चावी काढून घेतली. मी इचारलं, काहून धरलं? तर म्हनला, गप बस."

देविदास खाली बघत होता. त्याचा हात कानाकडे गेला आणि तिथूनच मागे आला.

"देविदास, काहून धरलं?" रूपाबाईनं विचारलं.

तो गळ्यातली शिट्टी चाचपत राहिला. तेव्हा जमादार चहाचा घोट घेऊन त्याच्या मदतीला धावले. "अहो, हळदीचाच संशय असणार. हा गडी ड्रम घेऊन गावोगाव हिंडतो, कुठं काय वाळतंय सगळं ठाऊक. व्हय ना रे देविदास? नुसतं व्हय म्हण. याला दोन दिवस ठाण्यात बोलावतो, चौकशी करतो, संपलं."

किती सोपं होतं ते! एका शब्दात शिट्टीही राहत होती, अब्रूही राहत होती आणि विकास कायमचा तांड्यातून जात होता. ठाण्यात एकदा नाव गेलं की त्याचा ड्रम कुणी खळ्यावर उभा करणार नव्हतं. देविदासला जे हवं होतं ते जमादार ताटात वाढून देत होते.

विकासचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "भिया."

देविदासनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चोर न्हाई तो."

"मंग?" रूपाबाई म्हणाली.

"माझी बायको त्याच्यासंगं हसली. गिरनीवर. माझ्या पोटात आग पडली, म्हनून धरला."

जमादारांना ठसका लागला. पोरं खिदळली. बाबूसिंग मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हनून ड्रमाला राखन व्हय!" मग तर कुणाला आवरेना. देविदास लालबुंद होऊन उभा. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला, आणि हसूही आलं.

तेवढ्यात बायकांतून संगिता उठली. "याडी, मला बोलायचं हाय."

"बोल."

"गिरनीवर ह्यो इकास मला म्हनला, वयनी, भिया शिट्टी गळ्यात घालूनच झोपतो काय? मी म्हनलं, व्हय, अन् घोरला की ती वाजती. म्हनून हसलो आमी."

आता देवळासमोर जो हशा पिकला तो मी जन्मात ऐकला नव्हता. म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. विकासही हसला. एवढंच काय, देविदासच्याही तोंडावर ओशाळं हसू आलं, सुटलो एकदाचा, असं. त्याला वाटलं, मिटलं.

संगिता मात्र खाली बसली नव्हती. हसूही तिच्या तोंडावर नव्हतं. ती सगळ्यांचं हसणं संपेपर्यंत उभी राहिली.

"हासून झालं? आता माझी तक्रार घ्या. इकासला एक सांज धरलं, तर त्याच्यासाठी समदा तांडा बसला. मला संक्रांतीपासून धरलंय. नळावर गेले तर ह्यो समोर. दळनाला गेले तर दारात. घरात बसले तर डोळे माझ्यावर. मी घरात हासनं सोडलं, ते तरी ह्याला दिसलं का? समद्या तांड्याला माझं इचारत फिरला, मला एकडाव इचारलं न्हाई." मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "धरलेल्या मानसाला तोंडावर सांगायचं, ह्यो तुमचाच नियम हाय ना? मंग सांगा. मला काहून धरलं?"

देविदासनं पिवळी दोरी डोक्यावरून काढली आणि शिट्टी रूपाबाईसमोर ओट्यावर ठेवली.

रूपाबाईनं ती उचलून आपल्या ओच्यात टाकली. "शिट्टी दिली, ते बराबर केलं. पन तिनं शिट्टी मागितली न्हाई, देविदास. कारन मागितलं."

जमादार उठून आपल्या मोटरसायकलकडे गेले. विकास आपल्या ड्रमकडे गेला. ऊन ओट्यावरून खाली आलं तरी आमच्यातलं कुणी हललं नाही, देविदास मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्यासमोर संगिताही उभीच होती.