रुळांपलीकडच्या पुऱ्याची पहार

मी एक जुनी पहार आहे, मित्रांनो. टोकाला बोथट झाले, पण तोंडाने अजून फटकळ आहे. नंदुरबारला सुरतेकडून रेल्वे आली, तेव्हा उरल्यासुरल्या लोखंडातून इद्रिस लोहाराने मला घडवलं. पहिल्याच घावाला खडक दुभंगला, तसा तो म्हणाला, "वा रे मेरी शेरनी!" मीही फुगले. कशाला फुगले, असं आता वाटतं.

प्लेगच्या साली दोधू मजुराने मला हाती घेतलं. ज्या घरात माणूस दगावलं त्याची कौलं उतरवा, भिंतीला भोकं पाडा, ऊन आत जाऊ द्या, असा सरकारी हुकूम होता. सुंदरबाईचा नवरा जाऊन दोनच दिवस झाले होते. ज्या घरात तो गेला त्याच्याच उंबऱ्यात ती आडवी पडली.

"नको फोडू रे भाऊ! आठेच मरना तो!"

"मन्हा हातमा काय शे, माय? सायबना हुकूम शे," दोधू म्हणाला. शिपायांनी तिला फरफटत बाहेर काढलं आणि मी भिंतीत घुसले. भोकावर भागलं नाही, मातीची जुनी भिंत अख्खी बसली.

रुळांपलीकडे, नाल्याच्या अलीकडे, उदेसिंग जमीनदाराचं पडीक रान होतं. गावातून उठवलेली माणसं तिथे झोपड्या घालून राहिली. दोधूला मन खात होतं. सुंदरबाईच्या झोपडीचे खड्डे त्याने मजुरी न घेता खणून दिले. काळी माती पावसात फुगते, कूड कलंडतात, म्हणून लोकांनी टेकाडावरचा मुरूम डोक्यावरून आणून पसरला. विहीर झाली, दोन गल्ल्या झाल्या. नंदुरबारचा हा नवा पुरा असा वसला. साथ सरली तरी कोणी परतलं नाही. परतायला गावात भिंती कुठे उरल्या होत्या?

रानाची वस्ती झाली तशी उदेसिंगला जमिनीची आठवण झाली. भर दुपारी त्याची पंधरा माणसं लाठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांनी एका झोपडीला काडी लावली, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. सुंदरबाईच्या दारावर त्यांच्यातल्या भिला नावाच्या गड्याने कुऱ्हाड उगारली. तो काही गुंड नव्हे, उदेसिंगच्या मळ्यात वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार. मालकाने सांगितलं म्हणून आला, अगदी दोधूसारखा.

"आते नही!" आता पुन्हा तिचं घर पडू द्यायचं नाही म्हणून मला घेऊन धावलेला दोधू ओरडला आणि मी भिलाच्या डोक्यात बसले. हाड फुटलेलं मला कळलं, मित्रांनो. भिला जागीच गेला. बाकीचे पळाले. पुरा वाचला. दोधू धुळ्याच्या तुरुंगात गेला आणि तिथेच संपला.

भिलाची झोपडी उदेसिंगच्या मळ्यात होती. कामाचा गडीच नाही म्हटल्यावर त्याने भिलाच्या बायकोला, कमलबाईला, हाकलून दिलं. दोन पोरं घेऊन ती पुऱ्यात आली. सुंदरबाईने आपलं अर्धं अंगण तिला दिलं आणि दोधूमागे तिच्याकडेच राहिलेल्या मला उचलून विहिरीत टाकायला निघाली. कमलबाईने तिचा हात धरला.

"फेकू नको. मन्हं घर मी कसाघाई उभं करसू?"

माझ्यावर कोणाचं रक्त सांडलं होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने मला दोन्ही हातांनी धरलं आणि पहिला खड्डा खणला. रडत होती, पण थांबली नाही.

आज पुऱ्यात कौलारू घरं आहेत, कोपऱ्यावर नगरपालिकेचे कंदील आहेत. मी कमलबाईच्या दाराशी गंजत पडले आहे. मला तेल लावू नका, मित्रांनो, चालेल. पण कोणी हुकूम दिला म्हणून मला घरावर उगारू नका. आधी आत कोण आहे ते विचारा. मी लोखंड आहे, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.