निवास का प्रवास

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीत सव्वीसपैकी अकराच मुलं उरली होती. बाकीची आईबापांसोबत ऊसतोडीला गेली होती. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावर शुभांगी मॅडमचं हे नववं वर्ष. दोन शिक्षकांत सात वर्ग, वरून रोज भरायची ऑनलाइन माहिती. फळ्यावर ‘वस् म्हणजे राहणे’ लिहितानाच त्यांचा खांदा भरून आला.

“धातू एकच, पण पुढं उपसर्ग लागला की अर्थ फिरतो,” त्या म्हणाल्या. “‘नि’ लागला की निवास. एका जागी राहणं. ‘प्र’ लागला की प्रवास. घर सोडून दूर राहणं.”

रंजीतानं हात वर केला. “मॅडम, आमी सहा महिने कारखान्यावर राह्यतो. थो निवास का प्रवास?”

“प्रवास.”

“अन् इथं? इथंबी सहाच महिने राह्यतो.”

 मॅडमनी पुस्तक उघडलं, मिटलं. “उद्या सांगते.”

“उद्या तं आमी चाललो, मॅडम.”

शाळा सुटल्यावर त्या तिच्या घरी गेल्या. तिचा बाप हरिसिंग भांडी पोत्यात भरत होता. मॅडमनी दरवर्षीचंच सांगितलं. पोरीला तांड्यावरच राहणाऱ्या तिच्या भागिरथा मावशीकडं ठेवा, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून दोन वेळचं जेवण शाळा देते. बोलताना स्वतःचाच आवाज त्यांना पाठ केल्यासारखा वाटला.

“हिच्या लहान्या भावाले कोण सांभाळन, मॅडम?” हरिसिंगचं उत्तरही दरवर्षीचंच.

वाद घालायचं बळ नव्हतं. “बरं,” म्हणून त्या उठल्या. तेवढ्यात रंजीताची आई गोमतीबाई दारातून म्हणाली, “राहू द्या पोरीले. लहान्याले मी पाठीवर बांधीन.”

“अन् मोळ्या कोण वाहीन?” हरिसिंगनं विचारलं.

“दरसाल कोण वाह्यते?”

 हरिसिंगनं रंजीताचे कपडे पोत्यातून काढून बाजेवर ठेवले.

मॅडमना आनंद व्हायला हवा होता. पण गोमतीबाईच्या वाकलेल्या पाठीवरून त्यांची नजर हलेना. 

सकाळी भागिरथा रंजीताला शाळेत सोडून गेली. “पहाटं ट्रकमधी बसतांनी लहाना हिले सोडेच ना,” ती हळूच म्हणाली. “रातभर डोयाले डोया नाही पोरीच्या.”

रंजीता बाकावर डोकं टेकून झोपली. मॅडमनी बाकीच्यांना गणितं दिली आणि तिला उठवलं नाही.