उभे ठेवल्याचे आभार

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. रागीट म्हणा हवे तर. लाकडी दांडा आणि पुढे निब, एवढाच माझा देह. गिरगावातल्या दुकानातून बुधाजींनी मला लालबागच्या चाळीत आणले. बुधाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. पण चाळीतल्या सगळ्यांचे अर्जही तेच लिहीत. प्रत्येक अर्जाच्या शेवटी माझ्याकडून एकच ओळ काढून घेतली जाई : 'आपल्या पायाची धूळ.' अक्षराची वाहवा होई आणि माझा संताप. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चात 'झालाच पाहिजे' अशी गर्जना करून आलेली माणसे संध्याकाळी कागदावर धूळ होत!

१९५७च्या जूनमध्ये बुधाजींची शैला कॉलेजच्या मुलाखतीला गेली. तिला विज्ञान शिकायचे होते. इतर मुलींना बसवले, तिला मात्र प्राचार्यांनी उभे ठेवून विचारले, "गिरणीवाल्याच्या मुलीला प्रयोगशाळा कशाला?" तेव्हा प्राचार्यांच्या शेजारी बसलेल्या प्राध्यापिका नॉर्मा मिस उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

घरी आल्यावर बुधाजी म्हणाले, "साहेबांना आभाराची चिठ्ठी लिही. शेवटी पायाची धूळ विसरू नको."

"उभं ठेवल्याचे आभार मानू, बाबा?"

"प्रवेशाची यादी लागायचीय अजून. साहेब बिथरला तर घरी बसशील."

"गेल्या वर्षी धम्मदीक्षा घेतल्यापासून तुम्ही देवापुढं वाकत नाही. मग साहेबापुढं कशाला?"

शेजारच्या जाईबाई दारातूनच म्हणाल्या, "बोला की आता! मोर्चात तर लई घसा ताणता."

बुधाजींनीच दौत पुढे सरकवली. शैलाने लिहिले : 'नॉर्मा मिस, तुम्ही खुर्ची दिलीत. त्यामुळे पुढची उत्तरे मला नीट देता आली. मी आपली आभारी आहे.' खाली फक्त तिचे नाव. प्राचार्यांना तिने काहीच लिहिले नाही.

यादीत शैलाचे नाव लागले. चाळ म्हणाली, "चिठ्ठीनं काम केलं!" याचीच मला आजही चीड येते. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती ती. ती जागा तिच्या हक्काची होती!

आता मी फळीवर पडून आहे. निब गंजली आहे. लिहून झाले की लेखणी पुसून ठेवत जा, मित्रांनो. आभारही जरूर माना, पण खुर्ची देणाऱ्याचे. उभे ठेवणाऱ्याच्या पायाशी मला पुन्हा नेऊ नका. त्यापेक्षा मी गंजलेला बरा.