सुनेच्या लॅपटॉपची बादली

गुरुबसप्पा सरांनी लातूरच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि त्या तेहतीस वर्षांत एकदाही स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही. प्रयोगशाळेत तारा जोडायला शिपाई होता, घरात बल्ब बदलायला गंगम्मा होत्या आणि सरांकडे नोट्स होत्या. नोट्स पिवळ्या पडल्या, कडा झडल्या, पण आतला एक शब्द हलला नाही. त्याच नोट्सवर आपली दोन हजार पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली असं ते सांगत. ती पोरं कॉलेज बुडवून कुठल्या क्लासला जात होती, एवढं सांगायचं मात्र राहून जाई.

निवृत्त झाल्यावर त्यांना अचानक हात फुटले. दिवसभर मोबाईलवर 'टाकाऊतून टिकाऊ'चे व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी घरातली एखादी टिकाऊ वस्तू टाकाऊ करायची, असा क्रम सुरू झाला. मिक्सर गेला, भिंतीवरचं घड्याळ गेलं. गंगम्मांनी इस्त्री कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

त्यात सुनेचा लॅपटॉप तापला.

मंजुषा त्यांची सून. भोकरची मुलगी, नांदेडात एम.एस्सी. फिजिक्स, पहिला वर्ग. लॅपटॉप ती कॉलेजात असताना तिच्या वडिलांनी घेऊन दिलेला. आता त्याला नऊ वर्षं झाली होती, आतला पंखा बसला होता आणि सुरू केल्यावर पंधराव्या मिनिटाला तो खालून पापड भाजावा इतका तापून गप्प व्हायचा. एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण लग्नानंतर दोन वर्षं अर्ज करकरून थकलेल्या मंजुषाला अखेर नांदेडच्या एका मोठ्या क्लासनं बोलावलं होतं. गुरुवारी अकरा वाजता अर्धा तास ऑनलाईन शिकवून दाखवायचं, ते चौघेजण बघणार. मोबाईल चालणार नाही, स्क्रीनवर लिहून शिकवावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. जागा एकच होती. ही गेली की थेट पुढच्या वर्षी.

"अप्पा, मैत्रिणीचा लॅपटॉप एक दिवस मागून आणते," मंजुषा म्हणाली. नवरा सोमेश देगलूरला बँकेत, त्याचं मशीन बँकेचं. दुसरा मार्ग नव्हता.

सरांना हे फार लागलं. "प्रॉब्लेम काय हाय मंजुषा? उष्णता. अन् उष्णता कोणाचा विषय हाय?"

विषय तिचाही होता. पण दोन वर्षांची सून असं बोलत नाही. ती म्हणाली, "तुमचा, अप्पा."

"मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? पाण्यानं थंड करू. मोठमोठ्या कंपन्या करून राहिल्या."

"पाण्यानं?" गंगम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आठ दिवसाला नळ येतंय. माणसाला पुरंना अन् त्या डब्ब्याला पाजताव?"

"पाजायचं न्हाई गं. फिरवायचं. तेच पाणी जातं, तेच येतं. खर्च शून्य."

गंगम्मांनी हात जोडले, सरांना नव्हे, देव्हाऱ्याला. नेमकं तिथलंच तांब्याचं ताम्हन सरांनी दुसऱ्या दिवशी उचललं.

यंत्र असं होतं. लॅपटॉपच्या पोटाखालचं झाकण काढायचं. आत तांब्याची चपटी पट्टी होती, तिला ताम्हनाचं बूड टेकवायचं. ताम्हनात फ्रिजवाल्याकडून आणलेली तांब्याची नळी वेटोळं घालून डागून घेतलेली. नळीच्या दोन्ही तोंडांना शेतातल्या ठिबकच्या बारीक नळ्या, आणि त्या नळ्या खाली एका निळ्या बादलीत. बादलीत कूलरमधला पंप. पंप पाणी वर ढकलणार, पाणी वेटोळ्यातून फिरून लॅपटॉपची आग घेऊन परत बादलीत येणार. पहिल्या दिवशी पाणी सोफ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या धोतरावर आलं आणि शेजारी गैरसमज पसरला. तिसऱ्या दिवशी मात्र, खरं सांगायचं तर, ते जमलं. लॅपटॉप दीड तास चालला आणि तळाला हात लावला तर कोमट.

"अय्यो, चाललं की," गंगम्मा म्हणाल्या. मंजुषाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं मैत्रिणीला फोन करून सांगितलं, लॅपटॉप नको, घरातच सोय झाली.

आता सर कुणाला आवरणार? शेजारचे रेवणसिद्ध, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यांना बोलावून बादली दाखवण्यात आली. आयुष्यभर कोरड्या कालव्यांच्या फायली सांभाळलेल्या रेवणसिद्धांनी एवढं वाहतं पाणी बघून टोपी काढली. बादलीचा फोटो ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर गेला. तिथं अडुसष्ट अंगठे आले, सतरा जणांनी हात जोडले, एकानं चुकून श्रद्धांजली वाहिली. रविवारी शाल आणि नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. यंत्र अजून कुठल्याच परीक्षेला बसलं नव्हतं, पण आपल्याकडे सत्कार आधी उरकून घेतात, नंतरचं कुणी सांगावं?

या घरात आणखी एका गोष्टीवर सरांची सत्ता होती. नळ. लातुरात नळ कधी आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या, आणि येताना वेळ विचारत नाही. तो आला की गल्लीत एकच हाळी उठते आणि माणसं जेवणाच्या ताटावरून उठतात. त्या तासाभरात सर प्राध्यापक उरत नसत, सेनापती होत. आणि त्यांचा पहिला हुकूम ठरलेला असे: शिळं पाणी फेका. आठ दिवस तांब्या तांब्या मोजून, एकमेकांना ओरडून, भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालून जे पाणी जपलं, ते नव्या पाण्याचा आवाज आला की क्षणात शिळं होई आणि नालीत जाई. सगळं लातूर हेच करतं. पाणी नाही म्हणून रडणारं गाव आठवड्यातून एकदा सगळ्या घागरी रस्त्यावर उपडी करतं आणि यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. सरांना तर मुळीच नाही. घरात शिळ्या पाण्याचा थेंब सापडला तर ते गंगम्मांना दोन दिवस ऐकवत. चाळीस वर्षं ऐकवत होते.

गुरुवार उजाडला. मंजुषानं बैठकीत टेबल मांडलं, केस बांधले, देवाला नमस्कार केला. "अप्पा, तुम्ही बादलीपाशी बसा," ती म्हणाली. "मी कानात इअरफोन घालणार, मला पंपाचं कळणार न्हाई."

"जागचा हलणार न्हाई," सर म्हणाले आणि बादलीशेजारी पाट टाकून बसले.

अकराला स्क्रीनवर चार चेहरे उगवले. मधले निवृत्ती सर, क्लासचे फिजिक्सचे मुख्य, कपाळावर आठ्या, हातात पेन. त्यांनी विषय दिला: उष्णतेचं वहन. मंजुषानं पहिल्या दोन वाक्यांतच व्याख्या बाजूला ठेवली आणि भाकरीच्या तव्यापासून सुरुवात केली. गुरुबसप्पा सरांना ते आवडलं नाही. व्याख्या आधी द्यावी. पण पोरगी बोलत गेली, स्क्रीनवर आकृती उमटत गेली आणि हळूहळू निवृत्ती सरांच्या आठ्या सुटल्या. सरांचा ऊर भरून आला. यात आपल्या बादलीचा वाटा किती, याचा ते हिशेब करू लागले.

अकरा वाजून बारा मिनिटांनी मागच्या अंगणातून हाळी आली. "अहोऽ, नळ आला!"

यापुढं जे झालं त्यात सरांचं डोकं कुठंच नव्हतं. पाय उठले. धोतराचा काचा मारला गेला. स्वयंपाकघरातली घागर उपडी झाली, न्हाणीतलं पिंप कलंडलं, "शिळं काढा, शिळं काढा" असं तोंड आपोआप म्हणू लागलं. चौथ्या फेरीत त्यांना बैठकीत एक निळी बादली दिसली, तीत पाणी, आणि पाणी चांगलं चार दिवसांचं. त्यांनी आतला पंप अलगद काढून फरशीवर ठेवला, परतीची नळी बाजूला केली, बादली उचलली, समोरच्या दारातून रस्त्यावर रिकामी केली आणि ती नळाखाली नेऊन लावली. मंजुषाच्या कानात इअरफोन होते आणि नजर चार चेहऱ्यांवर. फरशीवर कोरडा पंप घरघरत राहिला.

नऊ मिनिटांनी लॅपटॉप गप्प झाला.

"अप्पा!"

सर धावत आले. हातात तीच बादली, काठोकाठ भरलेली, ताजी. त्यांनी काळा स्क्रीन पाहिला, फरशीवरचा पंप पाहिला आणि ते गरजले, "बादली कोणी उपसली? कोणी? जरा कुठं पाठ वळली की या घरात..."

गंगम्मा दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी फक्त सरांच्या हाताकडे पाहिलं. मग सरांनीही पाहिलं.

मंजुषा रडली नाही, तेवढा वेळच नव्हता. इअरफोन काढून तिनं मोबाईलवरून परत जोडणी केली. "माफ करा सर, लॅपटॉप बंद पडला."

"मॅडम, आम्ही आधीच कळवलं होतं," निवृत्ती सर म्हणाले. "चांगलं चाललं होतं तुमचं. बघू, पुढच्या वर्षी..."

"सर, पाच मिनिटं द्या. विषय माझ्यासमोरच पडलाय." आणि तिनं मोबाईल फिरवून ताम्हन दाखवलं, वेटोळं दाखवलं, नळ्या दाखवल्या. स्क्रीनवरचे चौघं खुर्चीत पुढं सरकले. एक जण म्हणाला, "ताम्हन हाय का ते?" मंजुषा सांगत होती, उष्णता कुठून निघाली, कशातून गेली, पाण्यानं ती कशी उचलून नेली. ऐकताना सर बादली खाली ठेवायचंही विसरले.

"छान," निवृत्ती सर म्हणाले. "मग बंद का पडला?"

मंजुषा थांबली. सासऱ्यानं केलं असं चार परक्या माणसांसमोर सांगणं तिच्या जिभेला जमेना. "पंप बंद पडला, सर."

"पंप?" निवृत्ती सरांनी कान दिला. "पंप तर चालू हाय मॅडम. त्याचा आवाज नांदेडपर्यंत येऊन राहिलाय. बंद पडलेला पंप वाजतो का?"

मंजुषाचा चेहरा उतरला. निवृत्ती सरांनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असणार हे गुरुबसप्पा सरांना न वाचता कळलं. तोंडी परीक्षेत पोरगं असं चुकीचं बोललं की तेही तेहतीस वर्षं मान खाली घालून असंच लिहीत आले होते. पोरीला सगळं येत होतं. ती आपल्याला झाकायला खोटं बोलली आणि त्या खोट्यात नापास होत होती.

"पाणी मी फेकलं," सर म्हणाले.

"कोण बोलून राहिलंय? मागं नळाचा आवाज लई हाय, काही कळंना," निवृत्ती सर म्हणाले.

इथं गप्प बसता आलं असतं. कुणी ऐकलं नव्हतं. सरांनी दाराकडे पाहिलं, तर गंगम्मा तिथं नव्हत्या. त्या अंगणात गेल्या होत्या. सोमेशच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा आधी घागर भरून मग दवाखान्यात गेलेल्या या बाईनं आठव्या दिवशी आलेला, भर धारेनं वाहणारा नळ स्वतःच्या हातानं बंद केला. पंपाचं बटणही बंद केलं. घर एकदम चिडीचूप झालं. मग त्या येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या, नीट ऐकायला.

सर मोबाईलपुढं वाकले. "मी हिचा सासरा. कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. पंप चालूच होता. त्याच्या खालचं पाणी मी काढून रस्त्यावर फेकलं. ती मला सांभाळून घ्यायला तसं म्हणाली. चूक माझी हाय, तिची न्हाई."

"पण का फेकलं, सर?"

"शिळं झालं होतं."

तिघं खो खो हसले. निवृत्ती सर हसले नाहीत. बहुधा त्यांच्याही घरी नळ येत असावा. त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "मॅडम, आता सांगा. नळीत पाणी तर शिल्लक होतंच. मग लॅपटॉप का तापला?"

"कारण ते थांबलं, सर," मंजुषा म्हणाली आणि पुढची दहा मिनिटं कुणाला घड्याळ आठवलं नाही. थांबलेलं पाणी आपल्यापुरती उष्णता घेतं आणि तिथंच तापत बसतं, हे तिनं त्या वेटोळ्यावर बोट फिरवत सांगितलं. सरांना हे कळत होतं. गंगम्मांनाही कळत होतं, ही त्याहून मोठी गोष्ट होती.

"सोमवारपासून या," शेवटी निवृत्ती सर म्हणाले. "अन् पहिल्या तासाला हेच उदाहरण घ्या. ताम्हन, बादली, सगळं. पोरं जन्मात विसरणार न्हाईत. फक्त सासऱ्यांचं नाव घेतलं तर चालंल का, तेवढं विचारून घ्या."

मंजुषानं वर पाहिलं. सर अजून बादली धरून उभे होते. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"नाव घे," ते म्हणाले. "कॉलेजचं तेवढं घेऊ नको."