चौथ्या कुलपाचं दार

माझ्या धाकट्या सुनेला चारचौघांत वागायची रीत नाही. घर विकत घ्यायला निघालेली माणसं बरोबर काय नेतात? चष्मा नेतात, फार तर एखादा जाणता माणूस नेतात. ही बादली नेते. निळी, प्लास्टिकची, कडी तुटलेली. आणि ती लपवायचीही नाही, नवरीनं कलश धरावा तशी पोटाशी धरून चालायचं. मी आपली दहा पावलं पुढं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं ही बाई आमच्यातली नाही.

आधी सांगते, घर कशाला हवं होतं. आमचं कुलपांचं दुकान होतं. एकतीस वर्षं मी त्या गल्ल्यावर बसले. आमचे हे गेल्यावर मुलांपैकी कुणाला कुलपं विकायची नव्हती, मग दुकान विकलं. थोरला म्हणाला, पैसे माझ्या धंद्यात घाल, मी बघतो तुझं. मी म्हटलं, बाबा, तू तुझं बघ. मला एक लहानसं घर घ्यायचंय, ते भाड्यानं द्यायचंय आणि मरेपर्यंत पोटच्या पोरापुढंसुद्धा हात पसरायचा नाही. माझी हौस म्हणा की माज म्हणा, एवढाच. पण घर चुकलं तर विकायला दुसरं दुकान नाही, हे मलाही कळत होतं. या वयात घरमालकीण व्हायला निघाले होते, आणि सही करण्यापलीकडं त्यातलं काही येत नव्हतं.

पण कुलूप मला कळतं. दाराचं कुलूप बघितलं की घर कळतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. तेच माझ्या अंगाशी येणार होतं.

दलालानं पहिलं घर दाखवलं ते सातव्या मजल्यावर. दलाल म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेला. दारातच म्हणाला, "या आजी, आपलंच घर समजा."

"आजी कुणाची? तुझ्यापेक्षा चार केस जास्त काळे आहेत माझे," मी म्हटलं. तो हसला. मी मात्र दाराकडं बघत राहिले. काय कुलूप होतं! जड, पितळी, आरशासारखं. किल्ली फिरवली तर लोण्यात सुरी गेल्यासारखी. आत फरशी चकचकीत, खिडकीतून अख्खं गाव पायाशी. माझा धाकटा गॅलरीतून ओरडला, "आई, इथं ये, आपलं जुनं दुकान दिसतंय!"

खोटं कशाला सांगू, मी तिथंच हरले. आदल्या दिवशीच जाऊबाईंना सांगून ठेवलं होतं, सातव्या मजल्यावर घेतेय म्हणून. त्यांचं स्वतःचं आहे चौथ्यावर.

"घेतलं," मी म्हणाले.

दलालानं लगेच पिशवीतून कागद काढला. "इसार आजच देऊन टाका. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

तेवढ्यात न्हाणीघरातून बादली आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आमची सूनबाई नळाखाली बादली लावून घड्याळ बघत उभी. नळाला धार उंदराच्या शेपटीएवढी.

"वहिनी, आज टाकी धुतायत खाली," दलाल म्हणाला.

"हो का? मी मंगळवारी येऊन जिना झाडणाऱ्या बाईंशी बोलले होते. त्या म्हणाल्या, रोजच असं. पाणी पाचव्या मजल्याच्या वर चढता चढता दमतं."

धाकट्याच्या कपाळाला आठी. "अगं, आई बघतेय ना? मध्ये कशाला तोंड घालतेस?"

मीही म्हणणार होते, कानामागून आली आणि तिखट झाली. पण ती माझ्याकडं वळली. आवाज अगदी साधा.

"आई, दाराचं कुलूप नवं का आहे हो?"

"मग काय गंजलेलं लावतील?"

"इमारत सहा वर्षांची आहे. फरशी सहा वर्षांची, नळ सहा वर्षांचे. कुलूप तेवढं आठवड्याचं दिसतंय. दुकानात नवं कुलूप न्यायला कोण यायचं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. त्या कुलूपमामांची गोष्ट."



कुलूपमामा म्हणजे आमचं एक गिऱ्हाईक. दर पाच-सहा महिन्यांनी यायचा, एकाच दारासाठी एक कुलूप न्यायचा. भाडेकरू गेला, किल्ली त्याच्याकडं राहिली असेल तर काय घ्या, म्हणून बदलतो म्हणायचा. तो गेला की आमचे हे मला म्हणायचे, "याचं कुलूप चांगलं आहे, घर वाईट आहे." आम्ही किती हसायचो. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हिला ती गोष्ट मी रंगवून सांगितली होती. सांगितली मी, लक्षात ठेवली हिनं.

मी चष्मा लावला आणि दाराशी गेले. कुलपाच्या कडेनं अंगठा फिरवला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, रंग छान मारला होता. पण अंगठ्याला लागलं. एका ठिकाणी स्क्रूची जुनी भोकं पुट्टी भरून बुजवलेली. दोन बोटं वर पुन्हा. खाली कोपऱ्यात आणखी. प्रत्येक कुलपाचे स्क्रू वेगळ्या जागी बसतात, हे मला शिकवायला कुणी नको. तीन जुनी कुलपं आणि हे चौथं.

"काय रे, आधीची माणसं का गेली?" मी दलालाला विचारलं.

"लोकांच्या बदल्या होतात, आजी."

"तिघांच्याही? एकाच दारातून?"

मी चष्मा काढून डबीत ठेवला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. इसाराचा कागद त्याच्या पिशवीत परत गेला.

खाली आल्यावर सून म्हणाली, "मी एक घर बघून ठेवलंय."

"माझ्या माघारी?"

"माघारी नाही आई. तुमच्या आधी."

बघा, असं बोलते.

ते घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की बादली आधी जाईल की मी, असा प्रश्न पडला. दार उघडलं ते राहणाऱ्या बाईंनीच. दवाखान्यात नर्स आहेत, नुकत्याच कामावरून आल्या होत्या, तरी चहा टाकला. सून सरळ मोरीत गेली. मी साठपर्यंत मोजायच्या आत बादली भरून वाहायला लागली.

मी कुलूप बघितलं. साधं, आमच्या दुकानात खालच्या फळीवर असायचं तसलं. पण हात लागून लागून त्याची कड उजळलेली. नर्सबाईंकडून किल्ली मागून घेतली. दात झिजून गोल झाले होते.

"किती वर्षं झाली इथं?"

"नऊ. दवाखाना पायी दहा मिनिटांवर आहे. मालक बदलला तरी मला हलायचं नाही. फक्त स्वयंपाकघरातली खिडकी अडकते, ती चार वर्षं सांगतेय, कुणी करत नाही."

"सुतार बघून ठेवलाय," सून म्हणाली. घर अजून घेतलेलं नाही, आणि हिचा सुतार ठरलेला!

धाकटा माझ्या कानाशी आला. "आई, हे घर? भिंतीचा रंग बघ. काकूला काय सांगणार आहेस तू?"

माझ्याही मनात तेच होतं. सातव्या मजल्यावरचं ते गाव डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मी खुर्चीत बसले, चहा सावकाश प्याले. नर्सबाईंनी सवयीनं, मागं न बघता, पायानं दार लोटलं आणि कुलूप खट्ट बसलं. नऊ वर्षांत त्या दाराला दुसरं कुलूप लागलेलं नव्हतं. त्यांचा निरोप घेऊन आम्ही निघालो.

जिना उतरताना मी मध्येच थांबले. सून दोन पायऱ्या खाली, बादली पोटाशी. तिनं वर बघितलं. घाबरली होती, पहिल्यांदाच दिसलं मला.

मी म्हणाले, "हे बघ. तुला माणसांत वागता येत नाही. बादली घेऊन मिरवतेस, माझ्या आधी घरं बघतेस आणि माझीच गोष्ट परक्यासमोर मला ऐकवतेस. मला हे आवडलेलं नाही, आणि तू अशीच वागत जा. घर हे घ्यायचं, कागदावर माझ्या नावाशेजारी तुझं नाव घालायचं. आणि सातवा मजला का नाही, ते जाऊबाईंना तू सांगायचं. मी नाही सांगणार."