उलटा पाय

हरणाबाईंच्या घरचा चौरंग तीन वर्षं विटेच्या आधारानं उभा होता. आपल्या घराघरांत असं एखादं लंगडं सामान असतंच. दिसतं सगळ्यांना, हात कुणी लावत नाही. पलूसजवळच्या त्या घरात हात लावला सुनेनं, दीपमालेनं. नवरा उदयसिंह फौजेत, दूर बर्फातल्या चौकीवर. दुपारच्या वेळी ती गल्लीतल्या नाथाजी सुतारांच्या पडवीत जाऊ लागली, आणि दोन महिन्यांत करवत सरळ चालवायला, रंधा मारायला शिकली.

"बाईनं सुताराचा वाकस धरला की घराला वाकडं येतं," हरणाबाई म्हणायच्या. "पर आमचं ऐकतंय कोण?"

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी लक्ष्मीचा कलश आपल्या हातच्या चौरंगावर बसवायचा, असं दीपमालेनं मनाशी धरलं होतं. नाथाजींनी जुन्या चौरंगाच्या नव्या पायांसाठी सागाचे चार तुकडे दिले आणि प्रत्येकाच्या एका टोकाला गेरूचा ठिपका लावला.

"ही बुंध्याकडची बाजू. झाड उभं हुतं तसाच पाय उभा करायचा. ठिपका खाली."

"आन इसरलं तर, तात्या?"

"उलटं लाकूड घर उलटं करतं, असं आमचा बा म्हनायचा," नाथाजी हसत म्हणाले.

सोमवारी चौरंग जुळला. संध्याकाळी पुसायला घेतला, तर एका पायाचा ठिपका वर, फळीला चिकटून. ओल्या पदरानं दीपमालेनं ठिपका घासला, पण गेरू लाकडात मुरला होता. रोज सातला येणारा उदयसिंहाचा फोन त्या संध्याकाळी आला नाही.

मंगळवारी तिनं लावला, तर बंद. बुधवारी सकाळीही बंद. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकू लागली. तुळशीला पाणी घालताना हात जोडायचा धीर होईना. शेवटी दुपारी ती सासूसमोर उभी राहिली.

"आत्ती, माझ्या हातनं चूक झालीया." आणि तिनं ठिपका दाखवला.

हरणाबाई ताडकन उठल्या. "माझं लेकरू तिकडं बर्फात हाय, आन तू घरात उलटं लाकूड उभं केलंस? चुलीत घाल त्यो. आत्ताच्या आत्ता!"

त्या रागावल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. भीतीचा आवाज पुष्कळदा रागासारखाच येतो.

दीपमाला चौरंग घेऊन परसातल्या पाणी तापवायच्या चुलीपाशी गेली. तेवढ्यात नाथाजी काठी टेकत आले. दोन दिवस ही आली नाही, म्हणून चौकशीला आले होते. सगळं ऐकून त्यांनी चौरंग पालथा घातला आणि एकेक पाय हलवून पाहिला. एक कुरकुरला.

"ह्यो सांधा ढिला हाय, पोरी. समई तेवताना पाय निसटला तर पदर पेटंल. भ्यायचं तर ह्याला भे. आन ह्यो तुजा उलटा पाय न्हवं. त्यो तर समद्यांत घट्ट बसलाय."

"आवं, मग माझ्या पोराचा फोन का येत न्हाई?" दारात आलेल्या हरणाबाईंनी विचारलं.

नाथाजी चपला काढून आत गेले, देव्हाऱ्यापाशी थांबले.

"वैनी, ह्यो कुणी केला?"

"तुमीच की. माझ्या लग्नात."

"माझं पैलं काम. ह्यो डावा खांब उलटा हाय. बसवल्यावर कळलं. बा मारंल म्हनून बोललो न्हाई. तुमचं मालक आजारी पडलं, तवा तीन दिस मला भाकरी गेली न्हाई. उदयसिंहाच्या बारशाचा पेढासुदिक गिळंना. पंचेचाळीस वर्सं मी ह्या दारात ताठ मानेनं आलो न्हाई."

"मग पोरीला तेच का शिकिवलं?"

"बुंध्याची बाजू जड, म्हनून खाली. येवढंच कामाचं. बाकीचं भ्या बानं मला दिलं, मी हसत हसत हिला दिलं. तिथं चुकलो, वैनी."

हरणाबाई त्या खांबाकडं बघत राहिल्या. रोजच्या हळदीकुंकवानं तो खालपासून लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या देवाला ह्यो चालला. आन मी सुनेला चुलीकडं धाडली." मग दीपमालेला, "घिऊन ये त्यो चौरंग. ढिला सांधा आधी नीट कर. उद्या पूजा त्याच्यावरच."

गुरुवारी कलश बसला. फोन आलेला नव्हता. कहाणी हरणाबाईंनी वाचली, दीपमालेनं हात जोडून ऐकली. भीती गेली नव्हती. पण आता दोघी एकमेकींशेजारी बसून ती सोसत होत्या. पूजा झाल्यावर हरणाबाईंनी हळदीकुंकवाचं पहिलं बोट उलट्या पायाला लावलं.

शुक्रवारी सातला फोन वाजला. बर्फानं चार दिवस संपर्क तुटला होता, एवढंच.

फोन आला म्हणून चौरंग निर्दोष ठरला, असं मात्र कुणी समजू नये. फोन आला नसता, तरी दोष दीपमालेच्या हाताचा नव्हता. नवशिक्याचा हात चुकणारच, आणि चुकलेला सांधा पुन्हा जुळवता येतो. पण चुकीला शाप म्हणून जे भय आपण लेकीसुनांच्या ओटीत घालतो, ते जन्मभर उतरत नाही. बायांनो, देवापुढं बसताना चौरंगाचे पाय घट्ट आहेत ना, तेवढं बघावं. बाकी देवावर सोपवावं.